कर नाही त्याला डर कशाला?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १

काल पंधरावा अध्याय संपला, आजपासून सोळावा. दैवी आणि आसुरी संपत्तीचा हा अध्याय. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे सव्वीस गुण एकामागून एक सांगतात, आणि त्यातले नऊ पहिल्याच श्लोकात येतात. सगळ्यात आधी अभय, आणि या श्लोकाच्या अगदी शेवटी आर्जव. मधल्या सात गुणांवर पुढे बोलूच. आज ही दोन टोकंच घेतो, कारण या दोघांमध्ये काय नातं आहे ते मला एका सीमा नाक्यावर कळलं, आणि ज्या पद्धतीने कळलं ती सांगायला थोडी लाज वाटते.

आपल्याकडे म्हण आहे, कर नाही त्याला डर कशाला. लहानपणापासून ऐकलेली. काही केलंच नसेल तर घाबरायचं काय? अभयाचा अर्थ मी बरीच वर्षं हाच धरून होतो. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो निर्भय. ऐकायला बरोबर वाटतं. पण ही म्हण एकदा तपासून बघायला हवी.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आई आमच्याकडे आली होती. आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात राहतो. कॅनडाची सीमा इथून काही तासांवर. आईला लांबचा गाडीप्रवास झेपत नाही, दर दोन तासांनी पाठ टेकावी लागते, आणि बाहेरचं खाणं तिला चालत नाही. म्हणून आम्ही एक मोटारहोम भाड्याने घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बसच्या आकाराची गाडी आणि आत सगळं घर. पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याच्या टाक्या. आईने पहिल्याच दिवशी पलंगावरच्या कपाटात आपला पितळी बाळकृष्ण कापडात गुंडाळून ठेवला आणि ती गाडी आमचं घर झाली. पाच दिवस ब्रिटिश कोलंबियाचे डोंगर पाहून आम्ही परत निघालो.

सीमेवर खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले. कुठे गेला होतात, किती दिवस, गाडी कोणाची, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग त्याने विचारलं, फळं, भाज्या, मांस, झाडं-रोपं काही आहे का? मी म्हटलं, नाही, थोडे कोरडे मसाले आणि बिस्किटं आहेत.

फ्रिजमध्ये कढीपत्त्याची एक ताजी जुडी होती. आदल्या दिवशी कॅनडातल्या एका भारतीय दुकानातून आईने घेतलेली. ती मला आठवत नव्हती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ती आठवत होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जो अर्धा सेकंद जातो त्यात ती हिरवी जुडी डोळ्यांसमोर येऊन गेली. एवढीशी तर गोष्ट, कशाला सांगायची, असं मनात आलं आणि तोंडाने 'नाही' म्हटलं. मसाल्यांचं खरं सांगितलं, ते बहुधा खोट्याला सोबत म्हणून.

त्याने पासपोर्ट हातातच ठेवले आणि गाडी बाजूच्या मार्गिकेत घ्यायला सांगितलं. स्कॅन करायचं होतं.

आता हे स्कॅनिंग म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. सीमेवर तीन प्रकारची यंत्रं बघायला मिळतात. एक म्हणजे मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले उंच खांब. ते स्वतः काहीच सोडत नाहीत, गाडीतून किरणोत्सार येतोय का एवढंच बघतात. केळी, मांजरांच्या संडासासाठी वापरतात ती माती, फरशा यांच्यात नैसर्गिक किरणोत्सार थोडा असतो, त्यानेही कधी कधी यांची घंटा वाजते. नुकतीच किरणोत्सारी औषधाची तपासणी करून घेतलेला रुग्ण गेला तरी वाजते. दुसरं यंत्र आरपार बघणारं. एका बाजूला गॅमा किंवा क्ष-किरणांचा स्रोत, दुसऱ्या बाजूला ते किरण टिपणारी पट्टी, मध्ये गाडी. गॅमा यंत्रात सिझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० वापरतात. लोखंड, पितळ असं जड काही मध्ये आलं की किरण अडतात. चित्रात गाडीचा सांगाडा दिसतो आणि पोकळ असायला हवी ती जागा भरलेली असेल तर तीही दिसते. तिसरं यंत्र परत फिरून येणारे क्ष-किरण टिपतं. धातूपेक्षा हलक्या अणूंच्या वस्तू, म्हणजे अन्न, प्लास्टिक, अमली पदार्थ, माणसाचं शरीर, किरणांना जास्त परत पाठवतात, म्हणून त्या चित्रात उजळ दिसतात.

साध्या कारमध्ये लपवायच्या जागा मोजक्या. मोटारहोममध्ये मात्र दुहेरी भिंती, पलंगाखालचे कप्पे, छतावरचं एसी, गॅसची टाकी, स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि मैल्याची तिसरी. शिवाय आतलं बहुतेक सामान लाकूड, फोम, कापड, पाणी आणि अन्न. म्हणजे चित्र गजबजलेलं येतं आणि ते वाचायला अनुभवी डोळा लागतो. या गाड्यांतून अमली पदार्थच नाही, माणसंही लपवून नेली जातात. नाक्यावरचा माणूस उगाच त्रास द्यायला उभा नाही, हे समजून घ्यायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत एक कायदाही झाला. जमिनीवरच्या सीमेवरून येणाऱ्या गाड्या, मालवाहू आणि खासगी दोन्ही, पुढे मागे शंभर टक्के स्कॅन करता याव्यात यासाठी गृहसुरक्षा विभागाने योजना करावी, असं त्यात आहे.

आम्हाला खाली उतरवलं. वीस-तीस फुटांवर एका पिवळ्या रेषेमागे उभं केलं. बाहू लावलेला एक ट्रक आमच्या गाडीच्या बाजूने सावकाश पुढे सरकायला लागला. वारा होता. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि विचारलं, "काय करून राहिले?"

"आतला फोटो काढतायत आई. भिंतीच्या आतलं दिसतं त्यात."

"कपाटातलंही?"

"हो."

"म्हणजे देवाचाही निघंल." मग थोडं थांबून म्हणाली, "निघू दे. लोणीच चोरलं होतं त्यानं, ते कधीचं खाऊन झालं."

मी हसलो. पण तिच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण मला दिसत होतं. आत तिचे कपडे होते, औषधं होती, गुडघ्याचा पट्टा होता. पाच दिवस ती ज्याला घर म्हणत होती त्याच्या भिंती कोणीतरी बघता बघता काचेच्या केल्या होत्या.

इथे ती म्हण पहिल्यांदा अडली. आईने काहीच केलेलं नव्हतं. 'कर' नव्हता. तरी तिला अवघड का वाटावं?

कारण लाज आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आंघोळ करताना दार लावतो ते काही गुन्हा करायचा असतो म्हणून नव्हे. दार लावता येणं हा माणूसपणाचाच भाग आहे. लपवायला काही नसेल तर बघू द्यायला काय हरकत, असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या घराची दारं काढून ठेवावीत.

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. मोटारहोम ही गाडी की घर? १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी असा खटला गेला. सान डिएगो शहरातल्या एका पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोटारहोमची पोलिसांनी वॉरंट न घेता झडती घेतली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने म्हटलं की ही गाडी आहे, कधीही निघून जाऊ शकते, म्हणून संशयाला पुरेसं कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. तीन न्यायमूर्तींना ते पटलं नाही, त्यांना त्या गाडीत घर जास्त दिसलं. आणि बहुमतानेही एक जागा मोकळी सोडली. गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली असेल, वीजपाण्याची जोडणी घेऊन एका जागी स्थिरावली असेल, तर काय, हे आम्ही आज ठरवत नाही, असं निकालात आहे. पुढे २००१ साली त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. रस्त्यावर उभं राहून उष्णता मोजणाऱ्या यंत्राने एखाद्याच्या घराच्या भिंती तपासणं हीसुद्धा झडतीच, आणि तिला वॉरंट लागतं. तो निकाल पाच विरुद्ध चार असा झाला. म्हणजे घराच्या भिंतीतून येणारी ऊबसुद्धा खासगी. पण सीमेवर नियम वेगळा. २००४ साली सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सीमेवर संशय नसतानाही गाडीची इंधनाची टाकी उतरवून बघता येते. देशाच्या उंबरठ्यावर सरकारचा अधिकार सगळ्यात मोठा असतो.

मला यात विसंगती वाटत नाही. आपल्या घराच्या उंबरठ्यावर आपणही येणाऱ्याला कोण, कुठून, कशाला, असं विचारतोच. तपासणारा सौजन्याने वागला, ठरलेलं तेवढंच पाहिलं, तर तो त्याचं कर्म करतो आहे. आणि आपल्याला अवघडल्यासारखं वाटलं तर त्यातही पाप नाही. दोन्ही खरं असू शकतं.

पण हे सगळं आईच्या बाजूचं झालं. तिच्या शेजारी पिवळ्या रेषेमागे मीही उभा होतो, आणि माझं अवघडलेपण वेगळं होतं. आईच्या लाजेच्या आडोशाला मी माझी भीती उभी केली होती. मनात म्हणत होतो, काय हा छळ, म्हाताऱ्या बाईला वाऱ्यात उभं करतात, आपल्या लोकांनाच का थांबवतात. यातलं एखादं वाक्य एखाद्या दिवशी एखाद्याच्या बाबतीत खरं असेलही. त्या दिवशी ते माझ्या तोंडी शोभत नव्हतं, कारण माझ्या छातीत जे धडधडत होतं ते त्या जुडीमुळे.

दहाएक मिनिटांनी अधिकारी आला. चित्रात वेगळं काही नव्हतं. त्याने पासपोर्ट दिले, आईकडे बघून मान लववली, प्रवास सुखाचा होवो म्हणाला. फ्रिज कोणी उघडलाच नाही. वास घेणारा कुत्रा त्या दिवशी तिथे असता तर कदाचित सापडलो असतो. त्या यंत्रासाठी पानांची जुडी आणि फ्रिजमधली कोबी यांत काही फरक नसावा. ते यंत्र शोधत होतं ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं ते त्याला शोधायचंच नव्हतं.

मी निर्दोष ठरलो होतो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी जो आनंद झाला त्याला मी कितीही ओढून ताणून अभय म्हणू शकत नाही. ती नुसती सुटका होती. सुटलेल्या माणसाला पुढचा नाका येईपर्यंत बरं वाटतं.

मैल-दोन मैल गेल्यावर आईने विचारलं, "तो पहिला माणूस काय इचारत होता?"

मी सांगितलं. फळं, भाज्या, झाडं.

"मंग तू नाही काऊन म्हटलं? गोडलिंब आहे ना आपल्यापाशी."

विदर्भात आम्ही कढीपत्त्याला गोडलिंब म्हणतो. मी म्हटलं, "आई, एवढ्याशा पानांनी काय होतं? ते लोक उगाच बाऊ करतात."

"पण काऊन नेऊ देत नाहीत?"

मला कारण माहीत होतं, कधीतरी वाचलेलं. सांगायला लागलो. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवर सिट्रस सायला नावाची बारीक कीड राहते, आणि ती संत्र्याच्या झाडांमध्ये ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते. त्या रोगावर इलाज नाही. पानं पिवळी पडतात, फळं लहान, वाकडी आणि कडू होतात, झाड काही वर्षांत जातं. फ्लोरिडात ही कीड १९९८ साली सापडली आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये २ कोटीसुद्धा निघाल्या नाहीत. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे, पण कंबरडं मोडलं ते या रोगाने.

बोलता बोलता माझाच आवाज खाली गेला. कारण मी हे कोणाला सांगत होतो? आमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. नवतीवर सायला बसला की आई पानाची मागची बाजू उलटून बघायची, आणि बांधावरचं गोडलिंबाचं झाड बाबांनी याच किडीपायी तोडलं होतं. आंबिया बहार हातचा गेलेली वर्षं तिने बघितली आहेत.

ती एवढंच म्हणाली, "सायला म्हण ना मंग."

पुढे बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही. हायवेवरच्या पहिल्या थांब्यावर मी गाडी लावली. परत नाक्यावर जाऊन सांगावं असं मनात आलं, पण तेवढं धैर्य झालं नाही, हे इथे लिहून ठेवतो. जुडी कचऱ्यात टाकायला निघालो तर आई म्हणाली, तशी नको टाकू, अंडी असली तर तिथूनच उडतील. तिने शेगडीवर पातेलं ठेवलं, पाण्याला खळखळून उकळी आणली आणि ती जुडी त्यात बुडवून झाकण ठेवलं. पिशवीसुद्धा आत घातली. पाच मिनिटं गाडीभर कढीपत्त्याचा वास होता. मग ते निथळून, दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाकलं. संध्याकाळी तिने पोहे केले. फोडणीत कढीपत्ता नव्हता. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी गीता वाचताना आर्जव हा शब्द आला आणि मी तिथेच थांबलो.

आपण मराठीत आर्जव म्हणतो ते विनवणीला. तो आर्जवाने म्हणाला, म्हणजे काकुळतीला येऊन म्हणाला. मूळ शब्द मात्र ऋजु, म्हणजे सरळ. आर्जव म्हणजे सरळपणा. आत एक आणि बाहेर एक असं नसणं. नाक्यावर मी मराठी अर्थाने आर्जवी होतो, आवाज मऊ, सर सर म्हणत. संस्कृत अर्थाने वाकडा होतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये मी उभा होतो आणि चुकीच्या बाजूला होतो.

मग हा शब्द गीतेत आणखी कुठे आहे ते शोधलं. चार ठिकाणी येतो. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत, सोळाव्यात दैवी संपत्तीत, सतराव्यात तपाच्या वर्णनात आणि अठराव्यात ब्राह्मणाच्या स्वभावकर्मात. यातल्या सतराव्या अध्यायाने मला चकित केलं. तिथे तपाचे तीन प्रकार आहेत, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. सत्य हे वाणीच्या तपात येतं. आर्जव कुठे असेल? मला वाटलं मनाच्या तपात असणार. ते आहे शरीराच्या तपात, शौच आणि अहिंसा यांच्या पंगतीला.

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. टीकाकार काय म्हणतात ते आपण त्या अध्यायाला आलो की पाहू. मला समजलं ते एवढंच, की सरळपणा हा शेवटी हातांनी करायचा असतो. मन सरळ आहे असं म्हणत बसून चालत नाही. फ्रिजचं दार आपल्या हाताने उघडायचं, जुडी बाहेर काढायची, समोर ठेवायची. यात मान खाली जाते, वेळ जातो, कदाचित दंड बसतो. म्हणून ते तप.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्यात एक मोठी फसवणूक रोज चालते, आणि ती आपली आपल्याशीच असते. सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या की आम्ही म्हणतो, काम बरोबर आहे. पण चाचणी तेवढंच सांगते जेवढं तिला विचारायला कोणी शिकवलं. जी चूक कोणाला सुचलीच नाही ती हिरव्या दिव्याखाली आरामात बसून असते, आणि ती कुठे आहे हे पुष्कळदा लिहिणाऱ्याला मनातून ठाऊक असतं. स्कॅनरचंही तसंच. तो निर्मळ म्हणाला याचा अर्थ त्याला जे शोधायचं होतं ते मिळालं नाही, एवढाच.

तेराव्या अध्यायात देहात राहणाऱ्या परमपुरुषाला उपद्रष्टा म्हटलंय. जवळून पाहणारा. तो आपल्याला खाली उतरवत नाही, रेषेमागे उभं करत नाही, पासपोर्ट काढून घेत नाही. त्या अर्ध्या सेकंदात, जुडी डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून 'नाही' निघालं तेव्हा, तो तिथे होता. आणि गंमत अशी की त्याच्यापुढे कोणाला आईसारखं अवघडल्यासारखं होत नाही. आई रोज त्या बाळकृष्णापुढे बसून सगळं बोलते. गुडघ्याचं, पैशाचं, सुनेबद्दलचं, माझ्याबद्दलचं. ज्याच्याजवळ आपण आपणहून दार उघडतो त्याच्या नजरेची लाज वाटत नाही. जबरदस्तीने उघडलेल्या दाराची वाटते.

यंदा जूनमध्ये पुन्हा मोटारहोमने गेलो. आई नव्हती, आम्ही तिघंच. येताना फ्रिजमध्ये दोन लिंबं उरली होती. खिडकीतून तोच प्रश्न आला. मी म्हटलं, हो, दोन लिंबं आहेत, कॅनडातल्या दुकानातली, आणि थोडा भात-भाजी आहे. लिंबं काढून दिली. अधिकाऱ्याने ती घेतली, दंड वगैरे काही नाही. मी खरं बोललो म्हणून आता सोडतील असं मला उगाच वाटून गेलं. तर गाडी पुन्हा बाजूला. पुन्हा उतरा, पुन्हा रेषेमागे उभे रहा. या वेळी ते आतही गेले, पलंगाखालचे कप्पेही उघडले. एकूण पाऊण तास गेला.

म्हणजे सरळपणाचं बक्षीस काहीही मिळालं नाही. उलट जास्तच तपासलं. मुलीला भूक लागली होती, ती कुरकुरत होती. मीही थोडा वैतागलो. पण त्या पाऊण तासात छातीत काही धडधडत नव्हतं. दार उघडलं की काय निघेल हे मला माहीत होतं आणि त्यांनाही मी सांगून टाकलं होतं. काही सापडणार नाही या खात्रीपेक्षा, जे आहे ते आधीच सांगून झालंय ही गोष्ट फार वेगळी आहे. पहिलीत नशिबावर भिस्त असते. दुसरीत कोणावरच नसते.

मला वाटतं म्हणूनच हे दोन शब्द एका श्लोकाच्या दोन टोकांना आहेत. भगवंतांनी यादी अभयापासून सुरू केली, पण माझ्यासारख्याला ती शेवटाकडून वाचावी लागते. आधी आर्जव, हातांनी केलेलं, लहानसं, दोन लिंबांएवढं. त्याच्या वाटेने कधीतरी अभयापर्यंत पोचायचं.

आणि म्हण? 'कर नाही त्याला डर कशाला' हे तपासणाऱ्याने दुसऱ्याला सुनवायचं वाक्य नाही. निर्दोष माणसालाही अवघड वाटतं, आणि ते समजून त्याच्याशी अदबीने वागणं हा तपासणाऱ्याचा धर्म. ही म्हण आपण स्वतःला विचारण्यापुरतीच ठेवावी. डर वाटते आहे ना? मग फ्रिजमध्ये काय आहे ते आधी बघ.

आईला फोनवर लिंबांचं सांगितलं. ती म्हणाली, "दिली ना काढून? बरं केलं." मग विचारलं, त्यांनी त्या लिंबांचं काय केलं? मी म्हटलं, नाश करत असतील. "हं," म्हणाली, "उकळून टाकायला पाहिजे."

आजच्यासाठी एक लहानसा अभ्यास सुचवतो. दिवसभरात कोणी काही विचारेल, घरात, ऑफिसमध्ये, कुठेही. उत्तर देण्याआधीच्या त्या अर्ध्या सेकंदात डोळ्यांपुढे काय येऊन जातं, एवढंच बघू या. आणि जे येईल ते, जमलं तर, आपल्या हाताने बाहेर काढून ठेवू या.

उद्या, याच श्लोकातलं सत्त्वसंशुद्धी.

राम कृष्ण हरी.